पाहण्याचा कार्यक्रम



मराठीत 'पाहणे' हे क्रियापद फार राबते. आपण चित्रपट पाहतो, वाट पाहतो, पाहुण्यांचे हवे-नको पाहतो, आणि मुलगीही पाहतो. यांतील शेवटच्या पाहण्याला तर आपण 'कार्यक्रम' असे भारदस्त नाव देऊन ठेवले आहे. गेल्या काही आठवड्यांत या सदरासाठी जे चित्रपट आणि जी मालिका पाहिली, त्यांचा विषय योगायोगाने या एकाच शब्दापाशी येऊन मिळाला. लग्नसराई तोंडावर आहे, परिचय मेळाव्यांची पत्रके घरोघरी येऊ लागली आहेत. म्हणून या वेळी सुटे सुटे अभिप्राय न देता ते एका सूत्रात ओवून वाचकांपुढे ठेवते.

आरंभ अर्थातच 'स्थळ' या चित्रपटाने. जयंत दिगंबर सोमलकर यांनी दिग्दर्शित केलेला हा मराठी चित्रपट ७ मार्च २०२५ रोजी चित्रपटगृहांत आला. त्याआधी २०२३ मध्ये टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याला 'नेटपॅक' पुरस्कार मिळाला होता. कथा विदर्भातील एका खेड्याची. सविता महाविद्यालयात समाजशास्त्र शिकते. स्पर्धा परीक्षा द्यावी, स्वतःच्या पायांवर उभे राहावे, अशी तिची इच्छा आहे. वडील दौलतराव कापूस पिकवणारे शेतकरी. कापसाला भाव येत नाही आणि मुलीचे लग्न जमत नाही, या दोन चिंतांच्या चिमट्यात ते सापडले आहेत.

चित्रपट सुरू होतो तो एका स्वप्नाने. बायका ऐटीत बसल्या आहेत, समोर एक तरुण अंग चोरून बसला आहे आणि त्या त्याला एकामागून एक प्रश्न विचारत आहेत. प्रेक्षागृहात हमखास हशा पिकावा असा हा प्रसंग. स्वप्न संपते आणि जग पुन्हा आपल्या नेहमीच्या जागी येते. आता पुरुष बसलेले, सविता समोर. नाव काय, शिक्षण किती, उंची किती? ती उत्तरे देते आणि आत जाते. मग निरोप येतो, किंवा येतच नाही. रंग सावळा, उंची कमी. काही दिवसांनी पुन्हा तीच बैठक, तेच पोहे, तेच प्रश्न.

दिग्दर्शकाने येथे पुनरावृत्तीचा धीटपणे वापर केला आहे. दुसरा एखादा दिग्दर्शक एक कार्यक्रम सविस्तर दाखवून बाकीचे दोन-चार दृश्यांत आटोपता. सोमलकर मात्र आपल्याला पुन्हा पुन्हा त्या बैठकीत नेऊन बसवतात. पहिल्या वेळी आपण पाहुण्यांच्या लकबींना हसतो. पुढच्या वेळी कोणता प्रश्न येणार हे आपल्याला ठाऊक असते आणि तो आला की अवघडल्यासारखे होते. त्यानंतर सवितेच्या चेहऱ्याकडे पाहणेही कठीण जाते. जी मुलगी दहा वेळा 'दाखवली' गेली, तिच्या मनात काय साचत गेले असेल, हे सांगायला या चित्रपटाला एकाही लांबलचक संवादाची गरज पडत नाही. नंदिनी चिकटे हिने सविता अतिशय संयमाने उभी केली आहे. बहुतेक कलावंत त्या परिसरातील आणि कॅमेऱ्यापुढे नवखे असल्यामुळे आपण नाटक पाहत आहोत असे क्षणभरही वाटत नाही. एकच उणीव नोंदवावीशी वाटते: वर्गातील स्त्री-सक्षमीकरणाचे व्याख्यान आणि घरातील वास्तव यांतील विसंगती जरा जाड अक्षरांत लिहिली गेली आहे. ती आपल्याला आपसूक कळली असती.

'हे खेड्यात चालते, शहरातील सुशिक्षित घरांत आता असे काही उरले नाही,' असे कोणी म्हणेल. त्यांनी 'इंडियन मॅचमेकिंग' ही नेटफ्लिक्सवरील मालिका अवश्य पाहावी. जुलै २०२० मध्ये तिचे पहिले पर्व आले आणि पुढे आणखी दोन पर्वे झाली. मुंबईच्या विवाहजुळवणीकार सीमा तापडिया भारतात आणि अमेरिकेत घरोघरी जातात, मुला-मुलींच्या अपेक्षा लिहून घेतात आणि परिचयपत्रे पुढे ठेवतात. येथे पाटाच्या जागी सोफा आहे, पोह्यांच्या जागी उपाहारगृहातील कॉफी आहे आणि मुलीही मुलाला प्रश्न विचारतात. हा बदल लहान नाही. तरीही अपेक्षांच्या यादीत उंची, बांधा आणि रूप यांचे स्थान फारसे ढळलेले दिसत नाही, आणि 'जुळवून घ्यावे लागेल' हा सल्ला मुलींना अधिक वेळा ऐकावा लागतो. आपल्याला काय हवे हे स्पष्ट सांगणारी मुलगी 'हट्टी' ठरते. तेच मुलाने सांगितले तर त्याच्या 'अपेक्षा ठरलेल्या आहेत' असे म्हटले जाते.

मालिका चटपटीत आहे, एका बैठकीत दोन-तीन भाग सहज संपतात. पण तिचा सूर नेमका कोणता, ही शंका शेवटपर्यंत राहते. ती या पद्धतीला हसते आहे की तिची जाहिरात करते आहे? या मालिकेच्या निर्मात्या स्मृती मुंध्रा यांनी सरिता खुराना यांच्यासह २०१७ मध्ये 'अ सुटेबल गर्ल' हा माहितीपट केला होता. त्यातही सीमा तापडिया आहेत. पण तेथे त्या स्वतःच्या मुलीचे लग्न जुळवणाऱ्या आई आहेत. दुसऱ्यांच्या मुलींची परिचयपत्रे सराईतपणे हाताळणाऱ्या बाईची, स्वतःच्या मुलीच्या वेळी होणारी घालमेल त्या माहितीपटात दिसते. मला तो मालिकेपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटला.

मुलगी पाहिली, पसंत पडली, लग्न झाले, पुढे काय? किरण राव यांचा 'लापता लेडीज' तेथून सुरू होतो. १ मार्च २०२४ रोजी तो चित्रपटगृहांत आला, पुढे नेटफ्लिक्सवर घरोघरी पाहिला गेला आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही निवडला गेला. बहुतेक वाचकांनी तो पाहिला असेलच. काळ २००१ सालचा. रेल्वेच्या एका डब्यात सारख्याच लाल घुंघटातील दोन नवऱ्या मुली, आणि घाईत दीपक आपल्या फूलऐवजी जयाला घेऊन घरी येतो. पोलिसांना दाखवायला त्याच्याजवळ बायकोचे एकच छायाचित्र आहे आणि त्यात घुंघटाखेरीज काहीच दिसत नाही! तिकडे स्थानकावर अडकलेल्या फूलला सासरच्या गावाचे नाव नीट सांगता येत नाही, आणि नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही असा धडा तिला लहानपणापासून मिळालेला आहे. लग्नाचे सर्व सोपस्कार यथासांग पार पडले. फक्त कोणी कोणाला पाहिलेच नव्हते.

विनोदाच्या अंगाने जाणाऱ्या या चित्रपटात एक छोटासा प्रसंग आहे. जया दीपकच्या घरी कमळकाकडीच्या भाजीची तोंडभरून स्तुती करते. सासूबाईंनाही ती भाजी आवडते. पण घरातील पुरुषांना आवडत नाही, म्हणून ती होत नाही. बायकांच्या आवडीचा स्वयंपाक कधी कोणी करते का, असे त्या सहज विचारून जातात, आणि आपल्याला काय आवडते हेच आता आठवत नाही, असेही सांगतात. आमच्या घरी हा चित्रपट तीन पिढ्यांनी एकत्र पाहिला. या संवादाला वडीलधाऱ्या बायका प्रथम हसल्या आणि मग बराच वेळ कोणीच काही बोलले नाही. कमळकाकडी आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात येत नाही. तो प्रश्न मात्र आल्याशिवाय राहत नाही. घरातील सर्वांच्या आवडी-निवडी मुखोद्गत असणाऱ्या आईला स्वतःला काय आवडते, हे आपल्यापैकी किती जणांना ठामपणे सांगता येईल?

छाया कदम यांनी साकारलेली स्थानकावरची चहावाली मंजूमाई हा या चित्रपटाचा कणा आहे. 'भल्या घरची मुलगी' या बिरुदाखाली मुलींना जगाची काहीच ओळख करून न देणे ही त्यांची फसवणूकच आहे, असे ती फूलला रोखठोक सुनावते. शेवट थोडा गोडगोड आहे, गाठी जरा सोयीने सुटतात. तरीही संपूर्ण कुटुंबाने निःसंकोच एकत्र पाहावा असा हा चित्रपट आहे, आणि असे चित्रपट आता बोटांवर मोजण्याइतकेच निघतात.

यानंतर पाहिला तो 'मिसेस'. हा निःसंकोच पाहण्याचा चित्रपट नाही, पण पाहायलाच हवा असा आहे. आरती कडव यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये झी-५ वर आला. जिओ बेबी यांच्या २०२१ मधील 'द ग्रेट इंडियन किचन' या मल्याळम चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. नृत्यात रमणारी रिचा (सान्या मल्होत्रा) एका डॉक्टरची पत्नी होऊन सुस्थितीतील घरात येते. घरात कोणी तिला मारत नाही, उपाशी ठेवत नाही, आवाजही क्वचितच चढतो. सासरे अगदी सौम्य शब्दांत सांगतात की चटणी मिक्सरवर नको, पाट्यावर वाटलेली हवी. आणि फुलका तव्यावरून थेट ताटात आला पाहिजे. एवढेच. आणि हे 'एवढेच' सकाळी सुरू होते ते रात्री ओटा पुसून होईपर्यंत संपत नाही. मोरीचा नळ गळतो, ती नवऱ्याला सांगत राहते आणि तो विसरत राहतो.

दोन्ही आवृत्त्या पाहिल्यावर माझा कौल मूळ मल्याळम चित्रपटाला आहे. तेथे नायिकेला आणि नवऱ्याला नावेच दिलेली नाहीत. त्यामुळे ती गोष्ट कोण्या एका घराची राहत नाही. हिंदीत नवऱ्याचा स्वभाव जरा ढोबळपणे रंगवला आहे, आणि प्रेक्षक 'आमच्याकडे असे नाही' म्हणून सुटून जाऊ शकतो. मूळ चित्रपटातील सासूबाई पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आहेत, हे आपल्याला त्यांच्या यजमानांच्या बोलण्यातून ओझरते कळते. ती बाई घरात किती सहजपणे विरघळून गेली आहे, हे त्या एका उल्लेखाने लक्षात येते.

हा विषय आपल्या घरांना जरा अधिकच लागू आहे. ताजे अन्न, गाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, चातुर्मासातील वर्ज्य भाज्यांचा हिशेब ही आपल्या घरांची शिस्त आहे आणि तिचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण दुपारी चारनंतर घड्याळाकडे धास्तीने कोण पाहत असते? नोकरीवरून धावत येऊन सूर्यास्ताच्या आत पोळ्या उरकणारी ती बहुधा एकटीच असते. नियम साऱ्या घराचा, तर त्याचे काम एकाच व्यक्तीच्या वाट्याला का यावे? पाणी गाळायला, भाजी निवडायला, जेवणानंतर ताटे घासायला घरातील पुरुषांचे हात लागले, तर नियमाला बाधा तर येणार नाहीच. उलट तो घरात अधिक आनंदाने पाळला जाईल. 'मिसेस' पाहून सासरच्या मंडळींना नावे ठेवणे सोपे आहे. त्या संध्याकाळी ओट्यापाशी जाऊन उभे राहणे थोडे कठीण, पण अधिक उपयोगाचे.

येथवर वाचून सदर या महिन्यात फारच कडू झाले असे वाटत असेल, तर शेवटचा चित्रपट त्यावरचा उतारा आहे. अविनाश अरुण यांचा 'थ्री ऑफ अस' नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. आता तो घरबसल्या पाहता येतो. 'किल्ला' हा त्यांचा मराठी चित्रपट ज्यांच्या स्मरणात असेल, त्यांना कोकणचा पाऊस आणि शांतता त्यांच्या कॅमेऱ्यात कशी उतरते हे सांगायला नको. हा चित्रपट हिंदी आहे. गाव मात्र आपले वेंगुर्ले. शैलजेला (शेफाली शाह) स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. सगळे पुसले जाण्याआधी, शालेय वयातील काही वर्षे जेथे गेली ते गाव एकदा पाहावे म्हणून ती पतीसह वेंगुर्ल्याला येते आणि बालपणीच्या मित्राला, प्रदीपला (जयदीप अहलावत) भेटते.

या मांडणीतून एखादा दिग्दर्शक सहज त्रिकोण उभा करता. येथे तसे काहीच घडत नाही. प्रदीपची पत्नी सारिका नवऱ्याची प्रेमळ थट्टा करते आणि पाहुण्यांचे मनापासून स्वागत करते. मला सर्वांत अधिक भावले ते शैलजेचे पती दीपांकर. स्वानंद किरकिरे यांनी ही भूमिका इतकी हळुवार केली आहे की ती चटकन लक्षातही येत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना कधी न भेटलेली एक शैलजा त्यांना या गावात भेटते. ती मोकळी आहे, जुन्या वाटांवरून पुढे पुढे चालते आहे. त्यांना थोडे टोचते, आपण हिला कधी ओळखलेच नाही की काय असे वाटते. पण ते तिच्या वाटेत येत नाहीत. बरोबर चालत राहतात. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी एक माणूस आपल्या पत्नीला पहिल्यांदा पाहतो आहे, आणि तेव्हा तिच्या आठवणी निसटू लागल्या आहेत. एवढीच कथा. गती संथ आहे. उतावळ्या मनाने हा चित्रपट लावू नये.

सवितेला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांकडे दहा प्रश्न होते. दीपांकरकडे इतक्या वर्षांत विचारायचा राहून गेलेला एक. या सर्व कलाकृती पाहून झाल्यावर मला आपल्याच परिचय मेळाव्यांच्या पुस्तिका आठवल्या. जन्मतारीख, उंची, वर्ण, शिक्षण, उत्पन्न, मामाचे गाव असे सर्व रकाने तेथे असतात, आणि व्यवहाराला ते लागतातही. पण 'वर्ण' हा रकाना कशासाठी? तो काढून टाकला तर कोणाचे काय अडेल? त्या रिकाम्या जागेत मुलामुलींनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात: मला काय करायला आवडते आणि लग्नानंतरही मी काय सोडणार नाही. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीला जितके प्रश्न विचारले जातील, तितके तिलाही सर्वांसमोर विचारू द्यावेत. नकार द्यायचा असेल, तर तो वेळेवर आणि मुलीच्या रूपावर शेरा न मारता द्यावा. मन-वचन-कायेने कोणालाही न दुखावण्याचा संस्कार आपण घरी मुलांना देतो. फोनवरून 'मुलगी जरा सावळी वाटली' असे कळवताना तो कोठे जातो? यासाठी कोणत्याही ठरावाची वाट पाहायला नको. एखाद्या गावच्या मेळाव्याने पुढील पुस्तिका छापताना आरंभ केला तरी पुरे.

आता नेहमीप्रमाणे थोडक्यात शिफारस. आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनी मिळून पाहण्यास 'लापता लेडीज'. ज्यांच्या घरी मुला-मुलीचे लग्न पाहणे चालू आहे, त्यांनी बैठका सुरू होण्यापूर्वी 'स्थळ'. पती-पत्नींनी एखाद्या निवांत रात्री, मोबाइल बाजूला ठेवून 'थ्री ऑफ अस'. 'मिसेस' प्रौढांनीच पाहावा, आणि शक्य असेल तर घरातील पुरुषांनी आधी. 'इंडियन मॅचमेकिंग' नाही पाहिली तरी काही बिघडणार नाही; 'अ सुटेबल गर्ल' मिळाला तर सोडू नये.

आपल्याला पाहण्याच्या कार्यक्रमात कोणता प्रश्न विचारला गेला आणि कोणता विचारला जावा असे वाटत होते, हे वाचक भगिनींनी, आणि बंधूंनीही, जरूर कळवावे. नावे न देता निवडक पत्रे पुढील अंकात घेऊ. पुढील महिन्यात शाळांना सुट्टी लागेल. तेव्हा लहान मुलांसोबत पाहण्याजोग्या चित्रपटांविषयी लिहीन.